पोटुशी भट्टी

भट्टीटोल्यातली जतन केलेली लोखंडाची भट्टी एका माथेफिरूने फोडली, अशी बातमी पेपराच्या कोपऱ्यात आली होती. माथेफिरू! मी तो पेपर तसाच मुकुंदच्या मांडीवर आपटला. मुकुंद माझा नवरा. सौंसरला शाळामास्तर होता, आता दिवसभर शब्दकोडी सोडवत बसतो.

"माह्यावर काहून चिडून राहिली? मी थोडी छापलं?" तो म्हणाला. खरं होतं ते, पण मला कोणावर तरी चिडायचंच होतं.

तो माथेफिरू म्हणजे नत्थूजी. आमच्या ओट्यावर बसून बशीत चहा ओतून प्यायचा आणि कप स्वतः विसळून पालथा घालून जायचा. उभ्या आयुष्यात त्याने कुणाच्या शेतातलं संत्रं विचारल्याशिवाय तोडलं नसेल. पण मला सांगायचंय ते त्याच्याबद्दल कमी आणि त्याच्या बायकोबद्दल जास्त. तिचं नाव मनकर्णा. तिची बातमी कोणी छापली नाही आणि छापणारही नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

माझी सगळी नोकरी रामाकोन्याकडच्या उपकेंद्रात नर्स म्हणून गेली. तिथून पुढे, जिथे शेतं संपतात आणि डोंगर चढायला लागतो, तिथे भट्टीटोला. नकाशात शोधू नका, सापडायचा नाही. मूठभर घरं, एक हातपंप, आणि जिकडे पाहाल तिकडे काळे, जड, चकचकीत खडे. नवीन माणसाला वाटतं, डांबर सांडलं असेल. ती लोखंडाची मळी. या टोल्यातल्या लोकांचे पूर्वज डोंगरातला लाल दगड आणि लाकडाचा कोळसा मातीच्या भट्टीत घालून लोखंड काढायचे. किती पिढ्या काढत होते कोण जाणे, पण मळीचे ढीग माणसाच्या डोक्याच्या वर गेलेत आणि त्यांच्यावर झाडं वाढलीत. आमच्या अंगणवाडीची भिंतसुद्धा त्याच मळीची होती. पोरं त्या खड्यांनी खेळायची आणि मी त्यांच्या पायांना टिंक्चर लावायचे.

भट्टी म्हणजे छातीएवढं मातीचं धुराडं. खाली एक तोंड, ते मातीने लिंपून बंद करायचं, त्यात नळी खुपसायची आणि कातड्याचे भाते पायांनी दाबून वारा घालायचा. लोखंड तयार झालं की लिंपलेलं तोंड सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, फोडून आतला गोळा ओढून काढायचा. हे झालं काम. पण या लोकांच्या लेखी ते नुसतं काम नव्हतं. भट्टी पेटवली की ती पोटुशी झाली. गोळा निघाला की मोकळी झाली. मग तो गोळा निववून, हळद लावून, घरातल्या बाईच्या ओटीत घालायचे, आणि त्यानंतरच तो घणाखाली जायचा. पेटवलेली भट्टी फोडल्यावाचून कधी सोडायची नाही. आणि फोडायची ती ज्याने बांधली त्याने, किंवा त्याच्या मुलाने. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, बाईने तर नाहीच.

टोल्यातली शेवटची भट्टी नत्थूजीच्या बापाने पेटवली. नत्थूजी तेव्हा भात्यावर नाचण्याएवढा पोरगा होता. कोळसा पाडायला बंदी झालेली होती, ती या लोकांना कळली होती की नव्हती देव जाणे. भट्टी ऐन भरात असताना सरकारी माणसं आली, कोळशाच्या पाट्या, भाते सगळं उचललं आणि बापालाही सोबत नेलं. जाताना तो पोराला म्हणाला, "मी येतो, तवर हात लावू नको." तो आलाही परत, काही दिवसांनी, पण खोकत आला. पुन्हा पेटवू, पुढच्या साली पेटवू, करत करत अंथरुणाला लागला, आणि तिथूनही 'मी येतो भट्टीवर, तवर हात लावू नको' असंच म्हणत गेला. आत काय झालं होतं, लोखंड की राख, कोणी पाहिलं नाही. विझलेली, बंद तोंडाची भट्टी दारासमोर तशीच उभी राहिली.

नत्थूजीने तिला हात लावला नाही. पण पडूही दिली नाही. दर पावसाळ्याआधी तिच्यावर पळसाच्या पानांचं छप्पर घालायचा, दिवाळीला शेणमातीने लिंपायचा. लोकांचे बाप फोटोत असतात, त्याचा बाप त्या भट्टीत होता.

आणि त्याच दारात मनकर्णा मोहगावहून लग्न होऊन आली. तीही याच लोकांतली, तिला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. दारात पाऊल टाकायच्या आधी तिने ती बंद तोंडाची भट्टी पाहिली आणि पदर पोटावर ओढून घेतला, असं तिने मला नंतर सांगितलं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते उपकेंद्राच्या बाकावर. बारीक बांध्याची, कपाळभर कुंकू, दोन्ही हात पोटावर. पोटात काही नव्हतं. आदल्या आठवड्यात पडलं होतं, आणि ते पहिलंही नव्हतं. मी नोकरीत नवी होते, मला सगळं येतं असं मला वाटायचं. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, जड ओझं उचलू नका म्हणून दम दिला.

"गोळ्या खातो मी, नर्सबाई," ती म्हणाली. "पण ते दारात उभी हाय ते? ते काय गोळीनं मोकळी होते?"

"मातीले पोट नसते मनकर्णाबाई. तुमच्या अंगात रक्त नाई, ते पाहा आधी."

"तिचं मोकळं झाल्याबिगर माहं कसं होईन? ते मोठी हाय न माह्याहून," असं म्हणून ती मलाच समजावल्यासारखं हसली. मला राग आला. मला त्या बाईचा पुढेही फार वेळा राग आला, आणि एकदाही तो फार वेळ टिकला नाही.

पुढच्या खेपेला दिवस गेले तेव्हा मी तिच्या मागेच लागले. पण तिने आपल्या मनाचंच केलं. पाचवा लागताच ती माहेरी मोहगावला गेली आणि बाळंत होऊन, लेकरू चांगलं बाळसं धरेपर्यंत तिथेच राहिली. मुलगी झाली. दामिनी. मी म्हणायचे, गोळ्यांनी झाली. ती म्हणायची, भट्टीच्या नजरेआड झाली म्हणून जगली. आमचं हे भांडण दामिनी लग्नाला येईपर्यंत चाललं होतं, आणि त्यात दोघींनाही मजा यायची. त्यानंतर मनकर्णाला मूल झालं नाही.

नवऱ्याला तिने कितीदा म्हटलं असेल, फोडून टाका जी तिले, सोडवा. तो मान खाली घालून म्हणायचा, "बाबा मी येतो म्हणून गेला होता." बस. तिला तिची गेलेली लेकरं दिसायची, त्याला त्याचा गेलेला बाप. दोघंही एकमेकांवर माया करणारी माणसं होती, म्हणून तर हे इतकं वर्षानुवर्षं चाललं. भांडखोर असती तर पहिल्याच वर्षी निकाल लागला असता.

मग सरकारला भट्टीटोल्याचा शोध लागला. नागपूरहून मृणाल नावाची एक मुलगी जुन्या वस्त्यांचा अभ्यास करायला आली. मोठी गुणी पोरगी, टोल्यात राहिली, भाकरी थापायला शिकली. मळीचे ढीग तर तिला आवडलेच, पण नत्थूजीच्या दारातली ती भट्टी पाहून तिचे डोळेच भरून आले. अशा भट्ट्यांचे बुंधे सापडतात, ठिकऱ्या सापडतात, कारण लोखंड काढायचं तर ती फोडावीच लागते. ही अख्खी होती, पोटातल्या मालासकट. "काका, तुम्ही सांभाळली म्हणून राहिली," ती नत्थूजीला म्हणाली. त्याच्या बापाच्या कष्टाला एवढा मान कोणी दिला नव्हता. तो त्या दिवशी भट्टीला टेकून रडला.

यथावकाश तारेचं कुंपण आलं, पत्र्याचं शेड आलं, निळा बोर्ड आला, आणि राखणदार म्हणून नत्थूजीला खाकी शर्ट आला. फोडणं आता गुन्हा झाला. मनकर्णा बोर्ड लावताना पाहत उभी होती. ती मला एवढंच म्हणाली, "आता तिले कोणी सोडवत नाई, नर्सबाई."

दामिनीचं लग्न पांढुर्ण्याला झालं. जावई कुलदीप संत्र्याच्या मंडीत ट्रक भरून द्यायचं काम करतो, साधा, हसरा मुलगा. दामिनीला दिवस गेले तेव्हा मी नोकरीच्या शेवटच्या वर्षात होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोरीने सातव्या महिन्यात पिशवी भरून ठेवली आणि माय न्यायला कधी येते याची वाट पाहायला लागली. मनकर्णा गेली नाही. तिने फोन केला.

"दामिने, तू तिथंच राय. इकडं येऊ नको. मीच येतो तुह्याकडं टाइमावर."

दामिनी शिकलेली, पांढुर्ण्यात राहणारी. भट्टीचं तिला ठाऊक होतं, पण ते म्हातारीचं खूळ म्हणून. स्वतःच्या बाळंतपणात ते खूळ तिच्या आड येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने मला फोन लावला आणि रडत म्हणाली, "मावशी, साऱ्या पोट्ट्या मायकडं जातात. सासूबाई इचारून राहिल्या, काहून नाई आली तुही माय न्यायले. मी काय सांगू? मातीच्या धुराड्यापायी?"

मी तडक टोल्यावर गेले. मनकर्णाला जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. ती तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "तुमचं सारं खरं, नर्सबाई. पण लेकरू तुमचं नाई न."

टाइमावर जायचं म्हणून तिने डिंकाचे लाडू करून ठेवले होते, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली होती. पण दामिनीच्या कळा दिवस भरायच्या आधीच सुरू झाल्या. निरोप आला तेव्हा मनकर्णा दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडत होती. आम्ही दोघी मिळेल त्या गाडीने निघालो. लाडवांचा डबा तिच्या मांडीवर होता. आम्ही पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. नाळेचा वेढा बसला होता, मुलगा श्वास न घेताच आला. तिथल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं होतं, मी स्वतः विचारून पाहिलं.

दामिनी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मनकर्णाने तिच्या पाठीवर हात ठेवला. दामिनीने तो काढला नाही, वळूनही पाहिलं नाही.

"इथं कुठं भट्टी होती, माय?" ती म्हणाली. "इथं तूही नव्हती."

मी कितीतरी बाळंतपणं पाहिली, कितीतरी मरणं पाहिली. पण मनकर्णाचा त्या क्षणाचा चेहरा मला नको तेव्हा आठवतो. तिने लाडवांचा डबा कॉटखाली सरकवून ठेवला आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

त्यानंतर दामिनी माहेरी आली नाही. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही. फोनवर बोलायची, तब्येत विचारायची, बापाशी थोडं जास्त बोलायची. मनकर्णा तिला ये म्हणायची नाही. लेकीची कूस पुन्हा उजवायची होती, म्हणून म्हणायची नाही. आणि लेकीला वाटायचं, मायला आपण नकोच आहोत. दोघींमध्ये मी निरोप्या. कितीदा वाटलं, दोघींना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी.

मग मनकर्णाचं हृदय थकलं. पायांवर सूज, दोन पावलं टाकली की धाप. नागपूरला नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि घरी ठेवा म्हणाले. असं म्हणाले की त्याचा अर्थ काय, ते आम्हा नर्सांना समजावून सांगावं लागत नाही. मी निवृत्त होऊन सौंसरला आले होते, पण शेवटी शेवटी टोल्यावरच मुक्काम ठोकला. मुकुंदने एकदाही कुरकुर केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

याच दिवसांत दामिनीला पुन्हा दिवस गेले होते, आठवा चालू होता. आईच्या दुखण्याचं कळल्यावर तिला राहवेना. एका सकाळी तिचा फोन आला. "मावशी, मी येऊन राहिली. आता मायनं नाई म्हटलं तरी येतो."

मी मनकर्णाला सांगितलं. मला वाटलं, तिचा चेहरा खुलेल. खुललाही. एक क्षणभर ती लग्नातल्या नवरीसारखी दिसली. आणि मग तिने माझा हात इतक्या जोरात धरला की एवढी ताकद त्या अंगात होती कुठे, असं मला वाटलं.

"नको," ती म्हणाली. "नको येऊ देऊ तिले. पोटुशी हाय ते. दारातून येईन, म्हंजे भट्टीजवळूनच येईन. नको, नर्सबाई. हात जोडतो."

"अवो, तुम्हाले पाहाची नाई का ते?"

"मले तिच्याबिगर दुसरं काई पाहाचंच नाई," ती म्हणाली. आणि बाजेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं, जसं दामिनीने त्या दिवशी केलं होतं.

मी दाराशी पाहिलं तर नत्थूजी उभा होता. खाकी शर्ट घालून कुंपणाकडे निघाला होता तो थांबून सगळं ऐकत होता. तो आत आला, शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि आढ्यावर ठेवलेली सब्बल खाली घेतली. बापाची सब्बल, याच टोल्यातल्या लोखंडाची. तिला तो तेल लावून ठेवायचा. मी त्याच्या मागे गेले. त्याला अडवायला गेले की सोबतीला गेले, मला अजून सांगता येत नाही.

ऊन चांगलं वर आलं होतं. त्याने आपल्याच चावीने फाटकाचं कुलूप उघडलं, चपला बाहेर काढल्या. भट्टीसमोर जाऊन थोडा वेळ तिच्या लिंपलेल्या तोंडावरून हात फिरवला. मग बापाशी बोलावं तसं बोलला.

"बाबा, मी वाट पाह्यली. तुमी आले नाई."

आणि सब्बल मारली. पहिल्या घावाला नुसती माती झडली. म्हातारा माणूस, दर घावाला कण्हत होता. तोंड फुटलं, मग वरची भिंत कलली, आणि आतून सुका काळा कोळसा पायांवर ओघळला. त्याच्यात लाकडाच्या रेषा अजून दिसत होत्या. त्याने हाताने सगळं उकरलं. तळाशी एक ओबडधोबड ढेप चिकटली होती. एका अंगाने काळी, वितळून गोठलेली. दुसऱ्या अंगाने लाल दगड, डोंगरातून आणला तसाच. लोखंड झालंच नव्हतं, व्हायला निघालं होतं. नत्थूजी ती मांडीवर घेऊन तिथेच कोळशात बसला. इतकी वर्षं तो समजत होता की आत बापाच्या हातचं शेवटचं लोखंड आहे.

तिला काय सांगायचं, असं त्याने मला डोळ्यांनी विचारलं. मी पाण्याची बादली त्याच्यासमोर ठेवली. त्याने ढेप धुतली, हळद लावली आणि घरात नेली.

मनकर्णाला घावांचे आवाज ऐकू गेले होते. ती भिंतीला टेकून उठून बसली होती, पदर पसरून. त्याने ढेप तिच्या ओटीत घातली. ती लोखंड काढणाऱ्यांची लेक, तिला बनवणं कोणाला जमणार होतं? दोन्ही हातांनी तिने वजन घेतलं आणि खडबडीत बाजूवरून अंगठा फिरवला.

"कच्चं राह्यलं बिचारं," ती म्हणाली. "माहे गेले तेही असेच कच्चे गेले." मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "हे दामिनीच्या ओटीत देऊ नका. कच्चं हाय. माह्या संगंच जाऊ द्या. आता बोलवा तिले."

मी फोन लावला. दामिनी तयारच होती, कुलदीपने मंडीतल्या कोणाची तरी गाडी मागून घेतली. मनकर्णाने माझ्याकडून केस विंचरून घेतले, हिरवं लुगडं नेसवायला लावलं. बऱ्याच दिवसांनी तिने वरणभात मागून खाल्ला. मी म्हटलं, पाहा, आता चार दिवस काढते ही. मी इतकी वर्षं नर्स होते आणि तरी असं म्हटलं.

दुपारी तिचा श्वास बदलला. ती दाराकडेच पाहत होती, ओटीतली ढेप दोन्ही हातांनी धरून. "मोहगाव ओलांडलं का?" तिने विचारलं. मोहगाव तिचं माहेर, तिथेच दामिनी जन्मली होती. मी फोन करून विचारलं आणि तिला सांगितलं, हो, ओलांडलं, येऊनच राहिले. तिने मान हलवली. पुन्हा विचारेल म्हणून मी फोन हातातच धरून बसले. तिने पुन्हा विचारलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. नत्थूजीने फोडल्याचं स्वतः जाऊन सांगितलं, नोकरी गेली, सौंसरच्या कोर्टात तारखा चालू आहेत. मृणाल आली, फुटक्या भट्टीसमोर बसून रडली आणि मग त्याच्याजवळ येऊन बसली. आतल्या ढेपेचं विचारलं. "तिच्या संगं गेली," तो म्हणाला, आणि त्या पोरीने पुन्हा विचारलं नाही. दामिनीला मुलगी झाली, सौंसरच्या दवाखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत, खणखणीत रडत. टोल्यातले लोक म्हणतात, भट्टी मोकळी झाली म्हणून. मी कोणाशी भांडत नाही. भांडायला जिच्याशी मजा यायची ती नाही.

पण मला सारखी दिसते ती त्या दुपारची दामिनी. गाडीतून उतरली तेव्हा तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. फुटलेल्या भट्टीजवळून येताना ती थांबली, विखुरलेल्या कोळशाकडे पाहिलं, आणि तिला कळलं बापाने काय केलं ते. पोट सावरत ती जवळजवळ धावतच दारापर्यंत आली. आत मनकर्णा हिरव्या लुगड्यात, ओटी भरलेली. नत्थूजी पायाशी, हातांना अजून माती. आमचे चेहरे पाहून तिला उरलेलंही कळलं.

ती आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, चौकटीला धरून उभी राहिली. इतकी वर्षं जिने येऊ नको म्हटलं होतं, तिलाच तिने विचारलं.

"माय, आता येऊ का?"

ती पोरगी खरोखर उत्तराची वाट पाहत उभी होती. शेवटी मीच म्हणाले. आयुष्यभर जे मानलं नाही, तेच माझ्या तोंडून निघालं.

"ये बाई. मोकळी झाली ते."